रंगाखालचे इंजिन

आगगाडीचा इतिहास कागदपत्रांत असतो तसा इंजिनाच्या अंगावरही लिहिलेला असतो. मात्र तो वाचायचा तर रंगाचा एकेक पदर उलगडावा लागतो. ही गोष्ट मी एका खेळण्यापासून शिकलो.

आमच्या शिरूरला रेल्वे नाही. आगगाडीत बसायचे तर पुण्याला नाहीतर दौंडला जायचे. दौंडची गोष्ट निराळी. जी. आय. पी. रेल्वेचे रूळ १८५८ साली पुण्याहून पुढे डिकसळपर्यंत गेले, तेव्हाच ते दौंडच्या दारावरून गेले. मोठ्या दुष्काळाच्या सुमारास, १८७८ साली, दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि १९१४ साली बारामतीची छोटी गाडी आली. शिट्टीवर घड्याळ लावणारे गाव ते!

तेथल्या शेडमधले एक निवृत्त फिटर माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. त्यांच्याकडे पत्र्याचे, चावीचे इंजिन होते. चाके अडकलेली, रंगाच्या खपल्या निघालेल्या. शाळेसाठी ते द्यायला ते तयार झाले, पण म्हणाले, "गुरुजी, आधी सोडवू या. नुसता वरून रंग फासला तर आत गंज तसाच राहील."

प्रथम त्यांनी स्प्रिंगचा ताण पुरता उतरवला. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटे फोडते. मग तळाचे स्क्रू काढले, पत्र्याचे मुडपलेले कान हलकेच सरळ केले. सुटलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडला, म्हणजे जोडताना उलट्या क्रमाने उचलायचा. चाके आणि दांडे रॉकेलात बुडाले.

"मोठ्या इंजिनाचेही असेच," ते सांगत होते. मुदत भरली की ते परळच्या कारखान्यात जाई. तेथे बॉयलर उचलीत, चाके सोडवीत, झिजलेले बदलीत आणि शेवटी रंग देऊन दुरुस्तीची तारीख अंगावर घालीत. एकाचा बॉयलर कधी दुसऱ्याच्या अंगावर चढे. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हा तर नावच बदलले. इंजिने तीच, रूळ तेच. अक्षरे मात्र नवी.

खरवडताना काळ्याखाली हिरवा रंग लागला आणि हिरव्याखाली तांबडा. आजोबांचा हात थांबला. तांबडा होता मूळचा. त्यांच्या वडिलांनी इंजिन मुंबईहून आणले तेव्हाचा. हिरवा त्यांनी स्वतः मुलासाठी दिलेला. वाफेची इंजिने गेली, १९९५ साली तर देशातल्या रुंद रुळांवरून त्यांची नेहमीची धाव संपली, त्यानंतर मुलाने शेडच्या आठवणीने ते काळे केले होते.

आता करायचे काय? खपल्यांवर नवा रंग धरत नाही. सगळे खरवडावे तर तीन पिढ्या पुसल्या जातात. मुलांना तर झगझगीत इंजिन हवे! अखेर आजोबांनीच निवाडा केला. बाहेरचा पत्रा साफ करायचा, चालकाच्या खोलीची आतली भिंत तशीच ठेवायची. बाहेरून तांबड्या ऑक्साइडचे अस्तर दिले. ते वाळल्यावर काळ्याचे दोन पातळ हात, आणि बफरच्या पट्टीवर तांबडा. दात्यांना तेलाचे दोन थेंब मिळाले आणि चावी फिरली.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली उघडले. तेथे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान गाड्या सिग्नलच्या हुकमाने धावताना पाहून थोर माणसेही मुले होतात. आमच्याकडे एकच इंजिन, तेही वर्गातल्या कपाटात. पण इतिहासाच्या तासाला मी ते बाहेर काढतो. पोरे विजेरीचा झोत आतल्या भिंतीवर धरतात आणि तांबडा, हिरवा, काळा असे खालून वर वाचीत येतात. सनावळ्या पाठ करायला कुरकुरणारी ही मुले "कुणाचा रंग आधी?" या प्रश्नावर मात्र हमरीतुमरीवर येतात.