सुरक्षित शाळा जाहीरनामा

सशस्त्र संघर्षाच्या काळात विद्यार्थी, शिक्षक आणि शाळा-विद्यापीठांच्या इमारती यांना हल्ल्यांपासून व लष्करी वापरापासून वाचविण्यासाठी राष्ट्रांनी केलेला राजकीय संकल्प. नॉर्वे व अर्जेंटिना यांच्या पुढाकाराने मे २०१५ मध्ये ऑस्लो येथे तो समर्थनासाठी खुला झाला. पहिल्या दिवशी ३७ राष्ट्रे पुढे आली. पुढे ही संख्या शंभरावर गेली. तो करार नसल्याने त्याचा भंग झाला म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही.

पार्श्वभूमी : रशियातील बेस्लान (२००४), नायजेरियातील चिबोक व पाकिस्तानातील पेशावर (२०१४) येथील शाळांवरील हल्ले.

कायदा : जिनीव्हा करारांच्या १९७७ मधील पहिल्या पूरक प्रोटोकॉलनुसार शंका असल्यास शाळा ही नागरी वास्तूच मानावी लागते. मात्र तेथे सैनिकांनी तळ ठोकला की हे कवच गळून पडू शकते. खरी मेख इथेच आहे. म्हणून जाहीरनाम्याने डिसेंबर २०१४ मधील मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली : चालू शाळा लष्करी कामासाठी वापरू नये, ओस पडलेली शाळाही दुसरा पर्यायच नसेल तरच आणि गरजेपुरतीच घ्यावी, पहाऱ्यावर शक्यतो सैनिक नसावेत.

भारत : सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये ईशान्य भारतातील मुलांविषयीच्या याचिकेत सुरक्षा दलांनी शाळा ताब्यात घेऊ नयेत, असा आदेश दिला. नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य (५ जुलै २०११) हा निकाल सलवा जुडूम या माओवाद्यांविरुद्धच्या सशस्त्र मोहिमेसाठी गाजला. पण बस्तरमधील शाळा रिकाम्या केल्याचे शपथेवर सांगितले जात असतानाही अनेक शाळांत दले होतीच, याची त्यातील नोंद तितकीच मोलाची आहे. शाळा म्हणजे पोलिसांच्या छावण्या, असे सांगून माओवादी त्या स्फोटाने उडवीत. ह्यूमन राइट्स वॉचच्या बिहार-झारखंडविषयक अहवालात (२००९) मात्र हल्ल्याच्या वेळी दले नसलेल्या अनेक शाळांचा उल्लेख आहे. दक्षिण बस्तरमध्ये पाडलेल्या शाळांतील मुलांसाठी बांबूच्या निवासी शाळा उभ्या राहिल्या; स्थानिक नाव ‘पोटा केबिन’.

विद्यापीठे : केनियातील गारिसा विद्यापीठावरील हल्ल्यात (एप्रिल २०१५) १४८ जण मारले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या २०२० मधील ठरावानुसार ९ सप्टेंबर हा शिक्षणाच्या संरक्षणाचा दिवस. शिक्षणाच्या संरक्षणाविषयीचा सुरक्षा परिषदेचा ठराव २६०१ (ऑक्टोबर २०२१) एकमताने संमत झाला, तेव्हा भारत परिषदेचा अस्थायी सदस्य होता. जाहीरनाम्याला मात्र भारताने समर्थन दिलेले नाही. अमेरिका, रशिया व चीन हेही त्याबाहेरच आहेत.