टाइमशेअर : सदस्यत्व एकदा, शुल्क दरवर्षी

- प्रतिनिधी

एकदा पैसे भरा आणि पुढील २५ वर्षे दरवर्षी सात दिवस सहकुटुंब सुट्टी घालवा, अशा आश्वासनावर टाइमशेअर योजना विकल्या जातात. सदस्यत्वाची रक्कम काही वर्षांत हप्त्यांनी फिटते. त्यासोबत सुरू झालेले वार्षिक शुल्क मात्र कराराची मुदत संपेपर्यंत सुटत नाही आणि ते वाढतही जाते.

संकल्पना

एकाच निवासस्थानाचा वापर अनेक कुटुंबांनी वर्षातील आठवडे वाटून घेऊन करायचा, ही कल्पना १९६०च्या दशकात युरोपात रुजली. एका रिसॉर्टमधील आठवडा दुसऱ्या ठिकाणी बदलून देणारी 'आरसीआय' ही संस्था १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. भारतात 'स्टर्लिंग' १९८६ मध्ये, तर 'क्लब महिंद्रा' चालविणारी कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली. येथील बहुतेक योजनांत सभासदाला मालकी मिळत नाही. ठरावीक मुदतीपुरता केवळ वापराचा हक्क मिळतो.

शुल्क कशासाठी?

खोल्यांची देखभाल, कर्मचाऱ्यांचे वेतन, वीज, पाणी, रंगरंगोटी यांचा खर्च वार्षिक शुल्कातून भागविला जातो. ते साधारणतः घेतलेल्या खोलीच्या आकारानुसार ठरते. त्यावर कर आकारला जातो. जेवणाचा खर्च निराळा. सुट्टी घेतली नाही तरी शुल्क चुकत नाही आणि थकबाकी असल्यास आरक्षण मिळत नाही.

महागाई वाढली की देखभालीचा खर्च वाढणार, हे सभासदालाही मान्य असते. प्रश्न आहे तो वाढीच्या मर्यादेचा. काही करारांत ही वाढ ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली असते, तर काहींत ती ठरविण्याचा अधिकार कंपनीकडेच असतो.

पंचवीस वर्षांचा हिशेब

उदाहरणादाखल पहिल्या वर्षीचे शुल्क १५ हजार रुपये आणि दरवर्षीची वाढ सात टक्के धरू. दहा वर्षांत शुल्क जवळपास दुप्पट होते. पंचविसाव्या वर्षी ते सुमारे ७६ हजारांवर जाते आणि २५ वर्षांत भरलेली एकूण रक्कम साडेनऊ लाखांच्या घरात पोहोचते. सदस्यत्वाची मूळ किंमत यात धरलेली नाही. विक्रीच्या वेळी चर्चा होते ती त्या मूळ किमतीची आणि सवलतीची. हा हिशेब ग्राहकाने स्वतःच मांडावा लागतो.

कायद्याचा आधार

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या ग्राहकाला १४ दिवसांत विनाकारण करार मोडता येतो आणि त्या काळात आगाऊ पैसे घेण्यास मनाई आहे. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही संकल्पना आली. ग्राहकावर अवाजवी आकार किंवा अट लादणारा करार त्यात मोडू शकतो. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे करता येते. सेवेतील त्रुटीबद्दल, मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास, जिल्हा आयोगाकडे जाता येते. कंपनीचे कार्यालय परगावी असले तरी ग्राहक राहत्या ठिकाणी तक्रार करू शकतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सही करण्यापूर्वी

- शुल्कवाढीचे सूत्र आणि कमाल मर्यादा करारात लिहिलेली आहे का?
- करार रद्द करण्यासाठी किती दिवस मिळतात व किती रक्कम परत मिळते?
- न वापरलेले दिवस पुढील वर्षी घेता येतात का? त्या वर्षीचे शुल्क थकले तर काय?
- दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या श्रेणीला आरक्षण मिळते का?
- सदस्यत्व दुसऱ्याच्या नावे करता येते का? त्यासाठी आकार किती?

विक्री प्रतिनिधीचे तोंडी आश्वासन करारात उतरले नसेल, तर पुढे ते सिद्ध करणे अवघड जाते. त्यामुळे कराराची प्रत घरी नेऊन वाचावी आणि सही 'आजच' करण्याचा आग्रह झाल्यास ती हमखास पुढे ढकलावी.