नावे ठेवणे आणि नाव सांगणे : 'शूगेझ'चा एक इतिहास

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फरक फक्त वचनाचा आहे. बारशाला आपण नाव ठेवतो आणि शेजारणीच्या स्वयंपाकाला नावे ठेवतो. कलेच्या इतिहासात मात्र ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच झटक्यात उरकली जातात. १८७४ साली पॅरिसमधील एका प्रदर्शनाची टवाळी करताना समीक्षकाने वापरलेला 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द पुढे त्या चित्रकारांचे मानाचे नाव ठरला. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जन्मलेल्या 'शूगेझ' या संगीतप्रकाराचे बारसेही असेच झाले. त्याचा इतिहास येथे मांडावयाचा आहे तो केवळ काही वाद्यवृंदांची ओळख करून देण्यासाठी नव्हे. न कळणाऱ्या कलेपुढे आपण कसे उभे राहतो, आणि आपल्याला भावलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती कशी ठेवतो, हे दोन प्रश्न त्या इतिहासात दडलेले आहेत. आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्याचेही प्रश्न आहेत.

'शूगेझ' म्हणजे बुटांकडे टक लावून पाहणे. १९९०च्या सुमारास 'साउंड्स' या लंडनच्या साप्ताहिकात 'मूस' या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचे परीक्षण आले आणि त्यातून हा शब्द रूढ झाला, असे सांगितले जाते. गायक जमिनीवर चिकटवलेले शब्द वाचत गात होता. या पिढीतले गिटारवादकही मान खाली घालूनच वाजवत, कारण ध्वनीला वळणे देणाऱ्या पेडलांची रांग त्यांच्या पायांशी असे. श्रोत्यांकडे न पाहणारे, आत्ममग्न, सुखवस्तू घरांतले तरुण अशी त्यांची प्रतिमा झाली. त्याच काळात 'मेलडी मेकर' या दुसऱ्या साप्ताहिकाने त्यांना स्वतःचाच उत्सव साजरा करणारी मंडळी म्हटले. त्यांचा गुन्हा काय, तर ते एकमेकांच्या कार्यक्रमांना श्रोते म्हणून जात आणि एकमेकांची नावे आवर्जून सांगत! दोष ठेवला गेला तो नेमका शिफारशीवर, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

'ड्रीम पॉप' या जुळ्या नावाची कथा उलट आहे. ते कलावंताने स्वतः दिलेले नाव. पूर्व लंडनमधील 'ए. आर. केन' या जोडीतील अ‍ॅलेक्स अयुली यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या संगीतासाठी ते योजले, असे मानले जाते. अयुली आणि रूडी तांबाला हे दोघेही कृष्णवर्णीय. १९८८ सालचा त्यांचा 'सिक्स्टी नाइन' हा संग्रह या साऱ्या प्रवाहाच्या उगमाशी आहे. तरीही पुढे इतिहास सांगितला गेला तो बहुतेक वेळा त्यांना वगळून. नाव त्यांचे, नामावळीत मात्र ते नाहीत. वाङ्मयेतिहासात अशी उदाहरणे शोधावयास आपल्याला दूर जावे लागणार नाही.

या संगीताचे ऐंद्रिय स्वरूप समजून घेण्यासाठी १९९१च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेला 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चा 'लव्हलेस' हा संग्रह घ्यावा. केविन शील्ड्स गिटारची तार छेडताना तिचा ट्रेमोलो दांडा सतत हातात धरून हलवीत असत. परिणामी कोणताही स्वर एका जागी ठरत नाही. तो किंचित चढतो, किंचित ढळतो. आपल्या कानाला येथे मींड आठवावी. या वाकत्या स्वरांचे थर एकमेकांवर रचले जातात, आणि त्यांच्या पोटात बिलिंडा बुचर यांचा जवळजवळ निजलेला आवाज ठेवला जातो. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. 'लव्हलेस' ऐकताना ते तिन्ही नियम अनुभवाला येतात. गिटारांच्या थरांत संवाद आहे, गर्जना आणि कुजबुज यांत विरोध आहे, आणि दोहोंपैकी एकालाही जिंकू न देण्यात समतोल आहे. परीक्षकांनी ज्याला गोंगाट म्हटले त्याची बांधणी अशी काटेकोर होती.

राहिला प्रश्न शब्दांचा. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ या गावातून आलेल्या 'कॉक्टो ट्विन्स'च्या एलिझाबेथ फ्रेझर यांची गाणी ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी कळण्यासाठी ते योजलेलेही नाहीत. आपल्याला न येणाऱ्या भाषांतील शब्द केवळ नादासाठी उचलण्याची त्यांची पद्धत होती. 'ट्रेझर' (१९८४), 'व्हिक्टोरियालँड' (१९८६), 'हेवन ऑर लास व्हेगास' (१९९०) या संग्रहांतून ही नादभाषा हळूहळू अर्थाच्या काठाशी येताना दिसते. इंग्रजी श्रोत्याला हे अपूर्व वाटले असेल. पण तराण्याची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला ते तसे वाटण्याचे कारण नाही.

आम्ही हे लिहितो आहोत आलापल्लीत बसून. या गावाच्या नावात 'आलाप' ऐकू येतो हा निव्वळ योगायोग. 'पल्ली' म्हणजे वस्ती, आणि येथून दक्षिणेला सिरोंच्याकडे गेले की तेलुगूचा प्रदेश जवळ येतो. पूर्वेला भामरागडचा रस्ता माडिया-गोंडांच्या मुलखात शिरतो. त्या मुलखात सामूहिक नृत्याबरोबर 'रेला' गीते गायिली जातात. 'रेला' हे त्या गीतांचे पालुपद. त्याचा कोशातला अर्थ विचारणारा नृत्याच्या रिंगणाबाहेर उभा असतो. रिंगणात असलेल्याला ते पाय आणि श्वास जुळवण्यासाठी पुरते. शेजारच्या बस्तरमधील मुरिया समाजावरील व्हेरियर एल्विन यांच्या १९४७च्या ग्रंथात या गीतांची नोंद आहे. ग्रेंजमाउथ आणि भामरागड यांत काही नाते आहे असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. नाते आहे ते श्रोत्याच्या वृत्तीत. ज्याला आपण 'निरर्थक' म्हणतो ते बहुधा आपल्याला ऐकता न आलेले असते.

मराठी समीक्षेने या प्रश्नाला 'दुर्बोधता' हे नाव दिले. विदर्भातल्या वाचकाला यासंदर्भात नागपूरचे कवी ग्रेस आठवणे अपरिहार्य आहे. 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) पासून हा आरोप त्यांच्या मागे लागला, आणि २०११च्या साहित्य अकादमी पुरस्कारानंतरही तो पुरता सुटला नाही. पण एक घटना समीक्षेच्या हिशेबात फारशी धरली जात नाही. हृदयनाथ मंगेशकरांनी ग्रेसांच्या कवितांना चाली दिल्या, आणि त्यांतले एक गीत दूरदर्शनच्या 'महाश्वेता' मालिकेचे शीर्षकगीत म्हणून लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघर पोहोचले. ज्या कवितेला अभ्यासक दुर्बोध म्हणत होते ती असंख्य श्रोत्यांनी, अर्थाचा आग्रह न धरता, आपली मानली. आधी नाद, मग ओढ आणि मग कधीतरी अर्थ, हा क्रमही वाचनाचाच एक रीतसर क्रम आहे.

शूगेझच्या घराण्याचा माग घेत मागे गेले की आणखी एक ओळखीचा आवाज भेटतो. १९५५ साली अमेरिकेत उस्ताद अली अकबर खाँ यांची दोन रागांची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या आरंभी यहूदी मेन्युहिन यांनी स्वतःच्या आवाजात श्रोत्यांना या संगीताची ओळख करून दिली आहे. शिफारशीचा याहून स्पष्ट नमुना सापडणे कठीण. ती ऐकणाऱ्यांत ला माँट यंग हा तरुण संगीतकार होता. तंबोऱ्याच्या अखंड स्वराने त्याला पछाडले. १९६०च्या दशकात त्याच्याबरोबर लांबच लांब स्वर धरून वाजवणारा जॉन केल पुढे 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'मध्ये गेला, आणि त्या वाद्यवृंदाला शूगेझच्या पिढीने आपले पूर्वसूरी मानले. यंग यांना गुरू मिळाले ते नंतर. किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. आधी तबकडी, मग गुरू, असा हा उलटा प्रवास. वहीद खाँचे नातलग अब्दुल करीम खाँ यांनी ज्या मिरजेला आपले घर मानले, त्या मिरजेत भोपळ्याचे तंबोरे आजही घडतात आणि जवारी काढणारे हात तेथे आहेत. घोडीवर तार किंचित घासली जाऊन जो स्वरांचा धूर उठतो, त्याला आपण कधी गोंगाट म्हटले नाही. १९८८ साली 'स्पेसमेन थ्री' या इंग्रज वाद्यवृंदाने एकाच स्वराभोवती घुमणारा कार्यक्रम केला आणि त्याला 'समकालीन सतारवादनाची संध्याकाळ' अशा अर्थाचे नाव दिले. त्यात सतार नव्हतीच. उसनवारीची ही कबुली विनोदी असली तरी खोटी नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. 'राइड'चा 'नोव्हेअर' १९९०चा, 'स्लोडाइव्ह'चा 'सुव्लाकी' १९९३चा. तोवर वारे फिरले होते. 'लव्हलेस'ने 'क्रिएशन' या प्रकाशनसंस्थेला आर्थिक घोर लावला होता आणि तिचे त्या वाद्यवृंदाशी असलेले संबंध संपले होते. १९९३ साली तिने 'ओअ‍ॅसिस'शी करार केला आणि ब्रिटपॉपचा काळ सुरू झाला. 'सुव्लाकी'ची परीक्षकांनी खिल्ली उडवली. १९९५ साली 'पिग्मॅलियन' हा विरळ, जवळजवळ निःशब्द संग्रह निघाला आणि लगोलग 'स्लोडाइव्ह'ला संस्थेने निरोप दिला. इतिहास संपला असे तेव्हा वाटले असणार.

तो संपला नाही याचे श्रेय श्रोत्यांना आहे. मित्राने मित्रासाठी भरून दिलेल्या कॅसेटी, पुढे एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या फायली, 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (२००३) सारख्या चित्रपटातले पार्श्वसंगीत अशा वाटांनी हे संगीत पुढच्या पिढीकडे गेले. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चा पुढचा संग्रह तब्बल बावीस वर्षांनी, २०१३ साली आला. 'स्लोडाइव्ह' २०१४ साली पुन्हा एकत्र आले. २०१७ आणि २०२३ साली त्यांचे नवे संग्रह निघाले, आणि ते ऐकणाऱ्यांत 'सुव्लाकी'च्या वेळी जन्मलेलेही नसलेले श्रोते होते. उलटपक्षी 'साउंड्स' १९९१ सालीच बंद पडले, 'मेलडी मेकर' २००० साली दुसऱ्या साप्ताहिकात विलीन झाले आणि त्या 'एनएमई'ची छापील साप्ताहिक आवृत्तीही २०१८ साली थांबली. नावे ठेवणारे गेले. ठेवलेले नाव तेवढे राहिले.

शिफारस कोणी आणि कशी करावी, याचा धडा आपल्याकडेही गिरवला गेला आहे. १९५२ साली नभोवाणी खाते हाती घेतलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार केले. त्यांच्या धोरणाने अभिजात कलावंतांना आधार दिला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला, अमीन सयानींचा आवाज घरचा केला, आणि १९५७ साली विविध भारती सुरू करणे सरकारला भाग पडले. त्याउलट बीबीसीवर १९६७ ते २००४ अशी सदतीस वर्षे जॉन पील रात्री तबकड्या लावीत. 'कॉक्टो ट्विन्स'ना फारसे कोणी ओळखत नव्हते तेव्हा त्यांनी त्यांना श्रोत्यांपुढे आणले. केसकर 'हे ऐका' म्हणत होते. पील 'हे मला सापडले' म्हणत होते. आज्ञा आणि शिफारस यांत अंतर आहे ते इतकेच, पण ते फार मोठे आहे.

मुंबईच्या रंगभवनात १९८६पासून भरणाऱ्या 'इंडिपेंडन्स रॉक'चा रोख कडक रॉककडे होता. काळा घोड्याचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ साली बंद झाले. २०१७ साली पुण्याच्या 'ईझी वाँडरलिंग्ज'चा पहिला संग्रह आला, तेव्हा 'ड्रीम पॉप' हा शब्द महाराष्ट्रातल्या वाद्यवृंदाबाबत सहज उच्चारला जाऊ लागला होता. आता आलापल्लीतल्या विद्यार्थ्याच्या हातातला फोनही त्याला पुढचे गाणे सुचवतो. ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण यंत्र सुचवते ते आपण आधी ऐकलेल्याच्या जवळचे. ते का सुचवले हे ते सांगत नाही, आणि चुकले तर त्याला संकोच वाटत नाही. माणसाची शिफारस ही आपली अब्रू पणाला लावून केलेली समीक्षा असते. जो शिक्षक वर्गात एखादे न कळणारे पुस्तक पुढे ठेवून 'मलाही सगळे कळलेले नाही, पण हे पाहा' म्हणतो, तो पील यांच्या कुळातला.

म्हणून आमचीही एक छोटी यादी. आरंभ 'हेवन ऑर लास व्हेगास'ने करावा, कारण त्यात दार उघडे आहे. मग 'सुव्लाकी', रात्री. त्यानंतर 'सिक्स्टी नाइन', म्हणजे वगळलेल्यांची ओळख होईल. 'लव्हलेस' चौथा, तो पहिल्यांदा आवडला नाही तर आठवड्याने पुन्हा. शेवटी अब्दुल करीम खाँची एखादी जुनी तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका ऐकावी आणि तिच्या खरखरीला दोष न मानता तीही ऐकावी. आणि भामरागडच्या रस्त्यावर कोणा गावात रेला चाललेला असेल, तर थांबावे. रिंगणात जाणे आपल्या हाती नाही. कोणी हात पुढे केला तरच ते शक्य. तोवर नावे ठेवण्याची घाई करू नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे.