‘ब्लेंड१’चं घराणं

ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये शिल्प करणाऱ्याला आपल्या फोल्डरमध्ये एक आगंतुक फाइल रोज दिसते. आपण काम ‘गणपती.ब्लेंड’ नावानं सेव्ह केलेलं असतं आणि शेजारी ‘गणपती.ब्लेंड१’ येऊन बसलेली असते. बरेच जण ती कचरा समजून उडवतात. जागा खाते हे खरं. शिल्पाच्या फाइली मुळातच अंगानं भरलेल्या असतात. पण तिचं कूळ शोधत मागे गेलं, की आपण चित्रकार-शिल्पकारांच्या वाड्यात पोचत नाही. पोचतो ते थेट १९५०च्या दशकातल्या हिशेबखात्यात, कारकुनांच्या घरी.

आधी सेव्ह केल्यावर आत काय घडतं ते पाहू. ब्लेंडर जुन्या फाइलीला हात लावत नाही. तो शेजारी ‘गणपती.ब्लेंड@’ अशी तात्पुरती फाइल उघडतो आणि सगळं काम तिच्यात लिहितो. लिहिणं पुरतं झालं, की मग जुन्या फाइलीचं नाव ‘ब्लेंड१’ होतं आणि ‘@’वालीला मूळ नाव मिळतं. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहते ती ‘@’, जुनी शाबूत. प्रेफरन्सेसमध्ये ‘सेव्ह व्हर्जन्स’चा आकडा १ असतो. तो ३ केला, तर पुढच्या प्रत्येक सेव्हला १ची २ होते, २ची ३ होते आणि आधीची ३ निकालात निघते. म्हणजे हा आकडा क्रमांक नाहीच, ते वय आहे. माझा सगळा दावा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता त्या हिशेबखात्यातल्या टेपकडे. १९५१मध्ये युनिव्हॅक हा संगणक आला, १९५२मध्ये आयबीएमचा ७२६ हा टेप-संच आला आणि कंपन्यांच्या खातेवह्या चुंबकीय रिळांवर चढल्या. टेपची अडचण अशी, की मधलीच एखादी नोंद खोडून तिथं नवी लिहायची सोय भरवशाची नव्हती. म्हणून एका रिळावर कालची खातेवही, दुसऱ्यावर आजचे व्यवहार, दोन्ही वाचायची आणि तिसऱ्या रिळावर आजची खातेवही नव्यानं लिहायची. कालचं रीळ नुसतं वाचलं जाई. त्यावर चुकून लिहिलं जाऊ नये यासाठीही बंदोबस्त होता. रिळाच्या पाठीमागे एक गोल खाच असे, तिच्यात प्लॅस्टिकची कडी बसवायची. कडी असेल तरच यंत्र लिहिणार. काढून घेतली की फक्त वाचणार. जपायचं रीळ कडी काढूनच कपाटात जाई.

म्हणजे आजची प्रत बिघडली तर कालची हाताशी होतीच, आणि तीही वेगळे कष्ट न घेता. या व्यवस्थेला त्या धंद्यात नाव पडलं ‘आजोबा-बाप-मुलगा’. नवं रीळ मुलगा, कालचं बाप, परवाचं आजोबा. पुढची पिढी जन्मली की आजोबांचं रीळ कोरं समजून पुन्हा कामाला. टेप महाग होती, त्यामुळे पणजोबा सांभाळणं परवडत नसे.

ब्लेंडरची ‘@’ म्हणजे ते तिसरं रीळ, आणि ‘ब्लेंड१’ म्हणजे बाप. आकडा २ केला की आजोबाही येतात. मधला दुवाही सापडतो. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीत फाइलींच्या पिढ्यांचा संच ठेवता येई. त्यात चालू पिढी शून्य, आधीची उणे एक, त्याआधीची उणे दोन. उण्याचं चिन्ह पुसा, ब्लेंडरची पद्धत समोर उभी राहते.

यावर जाणकार म्हणतील, इतकं लांब कशाला जायचं? फाइलींना आवृत्त्यांचे आकडे तर १९७०च्या सुमाराला टेनेक्स या प्रणालीनं दिले होते. खरं आहे. टेनेक्समध्ये आणि पुढे डिजिटल कंपनीच्या व्हीएमएसमध्ये प्रत्येक सेव्हला नवी फाइल होई. नावाच्या शेवटी १, २, ३ असा चढता आकडा. व्हीएमएसमध्ये फार साचल्या की ‘पर्ज’ ही आज्ञा देऊन जुन्या झाडून काढायच्या. पण तिथं सगळ्यात जुनी ती १, ब्लेंडरमध्ये सगळ्यात ताजी जुनी ती १. मोजणी उलट दिशेनं चालते. हे घराणं वेगळं. तेही पुढे खुंटलंच. व्हीएमएस घडवणारे डेव्ह कटलर यांनीच विंडोज एनटी बांधलं, पण आवृत्त्यांची सोय त्यात उतरली नाही. हा वारसा का सोडला असेल, याचा राग मला अजून आहे.

दुसरा दावेदार युनिक्स. तिथं यंत्राच्या दैनंदिन नोंदींच्या फाइली अशाच १, २, ३ करत मागे सरकतात, आणि ब्लेंडर १९९४मध्ये नेदरलँड्समधल्या निओजिओ स्टुडिओत टोन रोसेंडाल यांनी लिहायला घेतला तोही युनिक्सवर चालणाऱ्या सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर. हा दावा मी खोडत नाही, पोटात घेतो. युनिक्सच्या त्या फाइलीही टेपवाल्यांच्याच वंशातल्या, हे माझं मत.

तिसरा दावा शिल्पकारांचा, आणि तो सगळ्यात देखणा आहे. फ्रेंच शिल्पकार रोदँ मातीत काम करताना मधल्या अवस्थांचे प्लॅस्टरचे ठसे काढून घेत असे. हात, पाय, मुंडकी यांचे सुटे ठसे त्याच्या मदोंच्या कार्यशाळेत ढिगानं होते. त्यांतूनच जोडाजोड करून तो नवी शिल्पं उभी करी. आपल्याकडे पेणच्या कारखान्यांत साचा जपतात तो वेगळ्या कारणानं, तीच मूर्ती पुन्हा काढायला. रोदँला वेगळी मूर्ती काढायची असे. मग ‘डोकं_०१’, ‘डोकं_०२’ अशा फाइली ठेवणारा आजचा कलाकार रोदँचा वारस नाही का?

आहे, पण ‘ब्लेंड१’ नाही. फरक टाकून देण्यात आहे. रोदँचा जुना ठसा नव्या ठशासाठी मोडला जात नसे, टेपवाल्याचा आजोबा मात्र ठरल्या वेळी पुसला जाई. एक परंपरा निवडीसाठी जपते, दुसरी अपघातासाठी. शिल्पकाराच्या फोल्डरमध्ये दोन्ही घराणी शेजारी नांदतात. आपण हातानं आकडा वाढवून सेव्ह करतो ती रोदँची, आणि आपल्या नकळत बाजूला येते ती कारकुनाची.

इतर सॉफ्टवेअरांतही हा कारकून दिसतो. थ्रीडीएस मॅक्स आपोआप बॅकअप घेतं तेव्हा तीन फाइली आळीपाळीनं वापरतं. तीनच का? मला त्यात आजोबा, बाप, मुलगा दिसतात. झीब्रशचं क्विकसेव्हही तसंच, ठरलेली संख्या भरली की जुनी पुसून पुढे. ते हात थांबल्याची वाट पाहून सेव्ह करतं. घाई असेल तर ९ दाबायचा.   

कारकुनी घराण्याचा एक संस्कार मात्र वाटेत गळाला. टेपच्या काळात आजोबांचं रीळ शक्य तर दुसऱ्या इमारतीत ठेवत, आग लागली तर एकाच वेळी तिन्ही पिढ्या जाऊ नयेत म्हणून. ब्लेंडर तिघांनाही एकाच डिस्कवर, एकाच फोल्डरमध्ये ठेवतो. डिस्क गेली की वंशच बुडाला.

तेव्हा ‘ब्लेंड१’ उडवू नका. गरज पडली तर नावातला शेवटचा १ काढा, ती नेहमीसारखी उघडेल. ‘सेव्ह व्हर्जन्स’ निदान ३ करा. रीमेश करण्याआधी, म्हणजे शिल्पाची जाळी नव्यानं विणण्याआधी, आकडा वाढवून वेगळी फाइल ठेवा, कारण ब्लेंडर बंद केला की अनडू संपतो. आणि रात्री निजण्यापूर्वी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका.