लांबच्या पल्ल्याची सायकल

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे. नारायण पेठेंतील वाड्यांच्या देवडींत उंच, काळ्या सायकली टेकून ठेवलेल्या असत. शाळा, कचेरी, मंडई असा सारा व्यवहार त्यांच्यावरच चाले. तें दृश्य आतां बहुतांशीं लोपलें आहे. परंतु त्याच पेठेंतून लकडी पुलाकडे पहाटे निघणारे, लांबच्या प्रवासाचे हौशी सायकलस्वार मात्र आज दिसतात. दुकानांत त्यांना पहिला प्रश्न पडतो तो हा, कीं अंगाला सुख देणारी सायकल कोणती? मऊ व रुंद बैठकीची, असें उत्तर सहज सुचतें. इतिहास निराळें सांगतो.

१८६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें मिशो यांनीं प्रचारांत आणलेल्या सायकलीच्या लांकडी चाकांवर लोखंडी धांव असे; हाडें खिळखिळी करणारी म्हणूनच इंग्रजांनीं तिला नांव ठेविलें. पुढें उंच चाकाची सायकल आली. मोठ्या चाकाला खड्डे कमी जाणवत, पण स्वार पडला तर डोक्यावरच पडे. १८८५ सालीं स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’नें दोन्ही चाकें सारख्या उंचीचीं करून स्वाराला जमिनीजवळ आणिलें, आणि १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेली रबरी धांव शोधिली. त्याच सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगांवांत सायकलीच्या दुकानानें झाला, हें आपणांस अभिमानानें आठवण्याजोगें आहे.

हवेची धांव म्हणजे नाजुकांचे लाड, असें प्रथम अनेकांस वाटलें. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतींत तेरों या फ्रेंच स्वारानें सुमारें १,२०० किलोमीटर अंतर अशाच धांवांवर ७१ तास २२ मिनिटांत तोडलें. धक्के सोसण्यांत जी शक्ति व्यर्थ जाते, तीच वांचली म्हणजे गति होते. सुख आणि वेग हे वैरी नव्हेत, हा पहिला धडा.

आपल्या ओळखीची काळी सायकल शहरासाठीं घडलेली होती. तिच्यावर ताठ बसतां येई, धोतर वा लुगडें सांवरतां येई, मागें मूलही बसे. परंतु ताठ बसणाऱ्याचा जवळजवळ सारा भार बैठकीवर पडतो, आणि प्रत्येक धक्का थेट कण्यांत चढतो. मंडईपर्यंत हें जाणवत नाहीं. खडकवासला ओलांडतांच जाणवूं लागतें. फार मऊ बैठक तर रुततें, घांसते आणि शेवटीं सोलून काढते. सिंहगड पुण्याहून ७०० मीटरांवर उंच आहे. एकाच गतीच्या जड सायकलीनें तो घाट चढणें म्हणजे गुडघ्यांशीं वैर करणें होय.

कोणी म्हणेल, १९२३ सालीं मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकीं हकीम, बापासोला व भूमगरा या तिघांनीं १९२८ पर्यंत साध्याच सायकलींवर सुमारें ७१,००० किलोमीटर जगप्रदक्षिणा केली. मग एवढी चिकित्सा कशाला? त्यांचा पराक्रम वंदनीयच आहे. पण रविवारीं फिरावयास निघालेल्या गृहस्थास तेवढें धैर्य लागूं नये, यासाठींच यंत्र सुधारावयाचें असतें. पहिल्याच प्रवासांत पाठ धरली, तर नवी सायकल जिन्याखालीं कायमची धूळ खात पडते. हा तोटा पैशापेक्षां मोठा.

म्हणून निवड करतांना प्रथम सांगाडा आपल्या उंचीचा पहावा. पायटा तळाशीं असतां गुडघा किंचित् वांकलेला रहावा. हात साधारण बैठकीच्या उंचीवर यावेत, म्हणजे भार हात, पाय व बैठक यांत वांटला जातो. बैठक आपल्या बसण्याच्या हाडांच्या रुंदीची असावी, धांव थोडी रुंद असून हवा बेताची असावी, आणि घाटासाठीं हलका गिअर असावा. रंग व किंमत यांचा विचार त्यानंतर. दुकानदाराच्या स्तुतीवर न विसंबतां तासभर चालवून पहावें. सुखाची परीक्षा पहिल्या पांच मिनिटांत होत नसते.