पोलिसांची वही

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत बाहेरगावच्या कामगाराला खोली भाड्याने देणारा घरमालक असो की शाळेच्या गाडीवर नवा चालक ठेवणारी संस्था, एक प्रश्न दोघांनाही पडतो. या माणसाने पूर्वी कुठे एखाद्या बाईवर किंवा लेकरावर अत्याचार केला आहे का, आणि ते बघायचे कुठे? अमेरिकेतल्या पालकाला याचे उत्तर घरबसल्या मिळते. इंटरनेटवर गावाचे नाव टाकले, की तिथे राहणाऱ्या, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांची नावे, फोटो आणि बहुतेक वेळा पत्तेही समोर येतात. भारतातही अशी नोंदवही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडची ही वही २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हाच तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो कायद्याखालचे बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि छेडछाड या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचे नाव, पत्ता, फोटो आणि बोटांचे ठसे तिच्यात असतात. पण ती पोलीस आणि तपास यंत्रणांनाच उघडता येते. कुपवाड पोलीस ठाण्यातला तपास अधिकारी तिच्यात शोध घेऊ शकतो, ठाण्याच्या दारात उभा असलेला नागरिक नाही.

ही वही बंद का, असा राग येणे साहजिक आहे. पण या मुलखात गुन्हेगारांच्या वह्या दीडशे वर्षांपासून आहेत, आणि त्यांनी काय केले ते सातारा-सांगलीने जवळून पाहिले आहे.

१८६७ साली मुंबई इलाख्यासाठी ग्राम पोलीस कायदा आला आणि गावात कोण आले, कोण गेले, कोणाची वागणूक संशयास्पद आहे, याची खबर ठेवणे हे पोलीस पाटलाचे काम ठरले. इथवर ठीक होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र वहीचे रूप पालटले. माणसाने काय केले हे न बघता तो कुठल्या जातीत जन्मला यावर त्याचे नाव चढू लागले. १९११ च्या सुधारित कायद्याने ही तरतूद मुंबई इलाख्यालाही लागू झाली, आणि नोंदवलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही त्यात आला. सांगली-मिरजेच्या पटवर्धनी संस्थानांभोवती तेव्हा इंग्रजांचा सातारा जिल्हा पसरलेला होता. वाळवा, तासगाव, खानापूर त्यातच होते. मांग, रामोशी, बेरड, कैकाडी, पारधी यांच्या वाट्याला हजेरी आली. ठरल्या वेळी चावडीवर जायचे, नाव पुकारले की ओ द्यायची. परगावी जायचे तर दाखला घ्यायचा आणि मुक्कामाच्या गावच्या पाटलाला तो दाखवायचा. घरात लग्न असो की मयत, हजेरी चुकली की शिक्षा. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी ‘फकिरा’ लिहिली, ती १९५९ साली आली. चावडीवरच्या त्या हजेरीचा जाच त्या कादंबरीच्या गाभ्याशी आहे.

शेजारच्या करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला वसवले आणि पहाऱ्याची कामे दिली. ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच हाती राखण देणारा हा निर्णय त्या काळात फार मोठ्या मनाचा होता. इंग्रजी मुलखात मात्र स्वातंत्र्यानंतरही दोन वर्षे वाट पाहावी लागली. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली मोडीत काढला, आणि देशपातळीवर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्याच्या जागी आलेल्या सराईत गुन्हेगारांच्या कायद्यात नाव चढायला जन्म नव्हे तर शिक्षा लागते. कागदावर फरक मोठा होता. गावात चोरी झाली की पहिली झडती मात्र याच जमातींच्या पालांवर, हा प्रघात पुढेही चालत राहिला.

वह्या होत्या, पण त्यांत माणूस सापडायचा कसा, हा पोलिसांचा खरा पेच होता. नोंद गावाच्या आणि नावाच्या क्रमाने. माणसाने गाव सोडले, नाव बदलले, बापाचे नाव वेगळे सांगितले, की वही मुकी. हा पेच सुटला कलकत्त्यात. १८९७ साली तिथे बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली. एडवर्ड हेन्री हे बंगालचे पोलीस महानिरीक्षक. पण वर्गीकरणाचे गणित बसवले ते त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. दहा बोटांवरची चक्रे कुठे आहेत त्यावरून एक अपूर्णांक काढायचा आणि त्यानुसार ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ खणांपैकी एका खणात कागद ठेवायचा. पकडलेला माणूस काहीही नाव सांगो, त्याच्या बोटांवरून खण कळे, आणि त्या खणातले मोजके कागद भिंगाखाली धरले की जुनी शिक्षा हाती येई. हेन्री १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले आणि ही पद्धत त्यांच्या नावाने जगभर पसरली. हक आणि बोस यांचा वाटा मान्य व्हायला बरीच वर्षे गेली. आजच्या संगणकी ठसे-शोधाची मुळे त्याच कचेरीत आहेत. २०२२ साली देशभरच्या ठशांची नाफिस ही यंत्रणा सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या नव्या ओळख कायद्याने ठसे, बुबुळे आणि फोटो ७५ वर्षे जपून ठेवण्याची मुभा दिली.

लैंगिक गुन्हेगारांची वेगळी वही पहिल्यांदा केली कॅलिफोर्नियाने, १९४७ साली. तीही पोलिसांपुरतीच होती. १९९४ साली न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांका या मुलीचा खून झाला. खुनी समोरच्याच घरात राहत होता, पूर्वी शिक्षा भोगलेला होता, आणि आईवडिलांना याचा पत्ताच नव्हता. त्या संतापातून १९९६ साली ही माहिती लोकांसाठी खुली करणारा कायदा झाला. ब्रिटनने १९९७ साली नोंदवही केली, पण खुली केली नाही. २००० सालच्या उन्हाळ्यात एका वर्तमानपत्राने अशा गुन्हेगारांची नावे-फोटो छापले, तेव्हा पोर्ट्समथच्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत जमाव रस्त्यावर आला आणि काही कुटुंबांना घर सोडून पळावे लागले. पुढे ब्रिटनने मधला मार्ग काढला. मुलाच्या सहवासात येणाऱ्या एखाद्या माणसाबद्दल पालकाने पोलिसांकडे विचारणा करायची. धोका दिसला तर पोलीस त्या पालकालाच, गुप्ततेच्या अटीवर, सांगतात.

जमावाची भीती इथे पुस्तकी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारले गेले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून पट्ट्या-काठ्यांनी मारहाण झाली. ज्या हातांना अफवा पुरते, त्या हातांत फोटोसह यादी देणे धोक्याचे आहे.

दुसरे कारण याहून मोठे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचीच आकडेवारी सांगते, की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, लग्नाचे वचन दिलेला. छोट्या गावात बापाचे किंवा चुलत्याचे नाव यादीत झळकले, की मुलगी कोण हे सांगावे लागत नाही. पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये पोलिसांत दाखल झालेल्या फिर्यादी (एफआयआर) २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला, तेव्हाही लैंगिक गुन्हे आणि पोक्सोच्या फिर्यादी त्यातून मुद्दाम वगळल्या. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने ठाण्यातली हिस्ट्री शीट, म्हणजे गुन्हेगार समजल्या जाणाऱ्या माणसाची नोंद, हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो जाहीर करायचा नाही, असे बजावले. मागास आणि भटक्या समाजातल्या निरपराधांची नावे केवळ पूर्वग्रहातून त्यात चढतात याकडेही लक्ष वेधले.

महाराष्ट्राने स्वतःची वही करायचा प्रयत्न केला होता. डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळात शक्ती कायद्याची विधेयके मांडली गेली, त्यांत महिला आणि बालकांवर अत्याचार करणाऱ्यांची राज्य नोंदवही करण्याची तरतूद होती. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, पण राष्ट्रपतींची मोहर काही उमटली नाही.

मग कुपवाडच्या त्या संस्थाचालकाने करायचे काय? त्याच्या हाती असलेले कायदेशीर साधन म्हणजे चारित्र्य पडताळणी. कामावर येऊ पाहणाऱ्या माणसाने स्वतः पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. अर्ज जिल्हा पोलिसांकडे येतो, तिथून त्याच्या राहत्या भागातल्या ठाण्याकडे. ठाण्यात अभिलेख तपासला जातो आणि दाखला निघतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्यानंतर शाळांतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबद्दल सरकारने नव्याने सूचना काढल्या. दुसरे साधन म्हणजे ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ. तिथे सांगली जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. पण तो शोध नावाचाच. एका नावाची अनेक माणसे निघतात, आणि खटला चालू असणे म्हणजे शिक्षा होणे नव्हे. आडनाव जुळले म्हणून कुणाला दारातून परत पाठवणे हा सरळ अन्याय आहे, आणि तो बहुधा ज्यांची नावे पूर्वी चावडीवर पुकारली जात त्यांच्याच वाट्याला येतो.

दाखल्यालाही मर्यादा आहेत. तो काढल्या दिवसापुरताच खरा. माणूस आधी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात राहिला असेल, तर तो पत्ता अर्जात यायला हवा. नाहीतर कुपवाडचे ठाणे कुपवाडपुरतेच सांगणार. सफाई, सुरक्षा, वाहतूक ही कामे शाळा ठेकेदाराकडे देतात, आणि ठेकेदार माणसे बदलत राहतो. बदली माणूस फाटकातून आत येण्याआधी त्याचा दाखला शाळेच्या दप्तरी जमा झाला पाहिजे, ही अट ठेक्याच्या करारातच लिहून घ्यावी लागते.