शिडी, बादली आणि पत

1847 सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें शहरांतील पोलिसांच्या कामासंबंधीं एक लांबलचक कायदा मंजूर केला. त्याचें अठ्ठाविसावें कलम वाचतांना मोठी करमणूक होते. रस्त्यांत पतंग उडविणारा, भर दिवसां सतरंजी झटकणारा, उगीच कोणाच्या दारावरची घंटा वाजवून त्रास देणारा, रस्त्यावर आडवी दोरी बांधून कपडे वाळत घालणारा, असे सारे उपद्रवी लोक तेथें एका दावणीला बांधलेले आहेत. त्यांच्याच पंगतीस आणखी एक अपराधी बसविला आहे : आपल्या नोकरास खिडकीच्या बाहेरील कट्ट्यावर उभें करून तावदानें पुसावयास लावणारा घरधनी. त्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड सांगितला आहे. खिडकी तळघराची असेल तर मात्र गुन्हा नाहीं. तेथून पडून पडणार कोठें?

कलमाची भाषा नीट पाहिली म्हणजे हसूं मावळतें. ज्या कृत्यांनीं रहिवाशांस किंवा वाटसरूंस अडथळा, त्रास अगर धोका होईल तेवढींच कृत्यें त्यांत धरलीं आहेत. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून मोलकरीण कोसळली तर ती ज्याच्या डोक्यावर कोसळेल त्याची चिंता पार्लमेंटास होती. खुद्द मोलकरणीची असलीच तर ती ओघानें आलेली. खिडक्या पुसणें हा एक स्वतंत्र धंदा म्हणून आकारास येत होता त्या काळचें हें कलम आहे, आणि त्या धंद्याची पुढील सारी हकीकत वाचतांना तें आम्हांस वारंवार आठवतें.

आपल्याकडे हा धंदा फारसा उपजला नाहीं याचें कारण उघड आहे. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांस गज असत आणि आंतून लांकडी झडपा, कांच क्वचितच. गोव्यांतील जुन्या घरांत खिडक्यांना शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवीत. त्यांतून उजेड येई, पण पलीकडचें कांहीं दिसत नसे, मग त्या लखलखीत ठेवण्याची हौस कोणास असणार? कांच ही थंड देशाची गरज. वारा बाहेर ठेवावा आणि उजेड तेवढा आंत घ्यावा, हें तिच्यावांचून साधत नाहीं. पण इंग्रजांच्या सरकारनें या गरजेवरच पट्टी बसविली होती. तिसऱ्या विल्यमच्या अमदानींत, 1696 सालीं, खिडकीपट्टी सुरू झाली. घरामागें दोन शिलिंग. खिडक्या दहा ते वीस असल्यास आणखी चार, विसांच्या वर गेल्यास आठ. लोकांनीं यावर साधा तोडगा काढला. त्यांनीं खिडक्या विटांनीं बुजविल्या, आणि अशा आंधळ्या खिडक्या तेथील जुन्या घरांवर अद्याप दिसतात. 1745 च्या कायद्यानें खुद्द कांचेवरहि कर बसला. कांचेवरचा कर 1845 सालीं उठला आणि खिडकीपट्टी 1851 सालीं. त्याच वर्षीं हाइड पार्कमध्यें जोसेफ पॅक्स्टनचा स्फटिकमहाल उभा राहिला. त्यास सुमारें 3 लाख तावदानें लागलीं. दुकानदार मोठाल्या अखंड कांचांमागें माल मांडूं लागले. उपनगरांतून एकाला एक लागून घरें उठलीं, आणि त्यांच्या दर्शनी भागास रस्त्याकडे पुढें आलेली ऐसपैस खिडकी असणें हें मध्यम वर्गाच्या प्रतिष्ठेचें चिन्ह झालें. वर लाखों चुलाण्यांचा कोळशाचा धूर. कांच जितकी मोठी तितकी तिच्यावरची काजळी लाजिरवाणी.

मोलकरणीस कट्ट्यावर उभें करावयाची कायद्यानें बंदी. तेव्हां शिडी व बादली घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसाचें फावलें. एक शिडी, एक बादली, शॅमॉय नांवाचें मऊ कमावलेलें कातडें आणि एक खरखरीत तागी फडकें, एवढें त्याचें भांडवल. उमेदवारी नाहीं, परीक्षा नाहीं, कोणाची शिफारस नाहीं. गिरणींतून निघालेला, फौजेंतून परतलेला, कोणीहि सोमवारीं सकाळीं या धंद्यांत शिरूं शकतो. येथेंच खरी अडचण आहे. ज्या धंद्याचें दार सर्वांस सताड उघडें, त्यांत मजुरी चढावी कशी? अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणें ती पोटापुरतीच राहावयास हवी. प्रत्यक्षांत मात्र या धंद्यांत कांहीं माणसें आयुष्यभर अर्धपोटीं राहिलीं, तर कांहींनीं त्यांतूनच घरें बांधलीं. दोघांच्या हातांत फडकें एकच होतें.

हा फरक ज्या वस्तूनें पडतो तिला तेथील लोक 'फेरी' म्हणतात. फेरी म्हणजे ठराविक गल्ल्यांतील ठराविक घरें, ज्यांच्या खिडक्या ठराविक दिवसांनीं हाच मनुष्य पुसतो. त्याची मिळकत हात किती चपळ यावर अवलंबून असते असें वरवर पाहणारास वाटतें. पण दिवस जातो तो पुसण्यांत नव्हे, चालण्यांत. दहा घरें एका रांगेंत असलीं तर शिडी फक्त पुढें सरकवायची. तींच दहा घरें दहा रस्त्यांवर विखुरलीं तर अर्धा दिवस शिडी खांद्यावर. म्हणून जाणता मनुष्य नवें गिऱ्हाईक दूर शोधीत नाहीं, जुन्याच्या शेजारचें दार ठोठावतो. आणि तें दार उघडतें जुन्या गिऱ्हाइकाच्या तोंडच्या एका शब्दावर. त्यांत पावसाची भर. पावसांत खिडकी पुसली तर ती बिघडते असा गृहिणींचा ग्रह, आणि इंग्लंडांत पाऊस केव्हां नसतो? शिवाय उधारी. दिवसां घरीं कोणी नसतें, म्हणून संध्याकाळीं पुन्हा तीच गल्ली हिंडून पैसे गोळा करावयाचे. चांगल्या फेरींत हें हिंडणें थोडें, वाईट फेरींत तेंच पुष्कळ.

ही फेरी विकतां येते, हें वाचून आमच्या वाचकांस नवल वाटेल. पण वाटूं नये. महिन्याच्या उत्पन्नाच्या कांहीं पट किंमत घेऊन म्हातारा मनुष्य आपली फेरी तरुणास देतो, आणि एक दोन फेऱ्यांस बरोबर हिंडून 'यापुढें हे येतील' असें दारोदार सांगतो. आपल्याकडे जोशाची किंवा उपाध्यायाची वृत्ति असे, ती भावांत वांटली जाई, गहाण पडे, विकली जाई. यजमानाच्या घरावर उपाध्यायाची मालकी नव्हती. मालकी होती ती त्या घरीं जाण्याच्या वहिवाटीवर. फेरी ही तीच वस्तु आहे. फरक एवढाच कीं वृत्तीच्या पाठीशीं वतनपत्र, गांव आणि सरकार उभें असे. फेरीच्या पाठीशीं गिऱ्हाइकाची मर्जी. हेन्री मेह्यूनें लंडनच्या गोरगरिबांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत रस्त्यांचे नाके झाडणाऱ्यांची हकीकत दिली आहे. तेहि आपल्या नाक्यास मालमत्ता समजत आणि जवळपासच्या घरांतून ठराविक दिवशीं कांहीं पेनी घेत. इतिहासाच्या वर्गांत आम्ही मेह्यूचीं पानें वाचून दाखवितों तेव्हां विद्यार्थी हंसतात. आमचे आजोबा कोणत्या वृत्तीवर जगले हें त्यांस ठाऊक नसतें.

मर्जीवर उभ्या असलेल्या या मालमत्तेस जपावयाचें कसें? येथें त्या माणसाच्या रूपाचा प्रश्न येतो, आणि हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खिडकी पुसणारा हा घरांत न शिरतांहि घराच्या आंतलें सारें पाहतो. निजण्याची खोली, टेबलावरचीं पत्रें, कोण आजारी, कोण एकटें, घर केव्हां रिकामें, हें त्यास न विचारतां कळतें. शिडी घेऊन माडीवर चढणारा मनुष्य पाहून शेजारी ओरडत नाहीं, असा मान चोराखेरीज फक्त यालाच. आणि चोरानें त्याचा वेष घ्यावा यांत आश्चर्य तें काय? म्हणून स्वच्छ सदरा, ठरलेला वार, शिडीच्या पायांनीं फुलांचा वाफा न तुडविणें, खिडकीशीं येण्यापूर्वीं हांक देणें, आणि जें दिसलें तें दुसऱ्या दारीं न बोलणें, या गोष्टी कांच किती चकाकते यापेक्षां अधिक मोलाच्या ठरल्या. गृहिणी पैसे देते तीं पुसलेल्या कांचेचे, असें तीहि समजते; वास्तविक ती देते न पाहिलेल्याचे.

पण बाजारांत या माणसाचें जें चित्र रंगलें तें नेमकें उलट. 1936 सालीं जॉर्ज फॉर्मबी या नटानें एका बोलपटांत खिडक्या पुसणाऱ्याचें एक गाणें म्हटलें. तावदानापलीकडे काय काय दिसतें याचें तें मिस्किल वर्णन आहे. बी. बी. सी. चे अधिकारी तें ध्वनिक्षेपित करावयास नाखूष होते. लोकांनीं मात्र तें डोक्यावर घेतलें. पुढें 1974 सालीं याच विषयावर निघालेला एक चित्रपट तर मिस्किलपणाची पायरीहि सोडून गेला, आणि त्या वर्षीं तिकडे खूप चालला. हंसणाऱ्यांचें यांत कांहीं गेलें नाहीं. ज्याची सारी मिळकत 'हा पाहत नाहीं' या समजुतीवर उभी, त्याच्या दारीं मात्र प्रत्येक पोर तें गाणें गुणगुणूं लागलें.

इतर देशांनीं व इतर धंद्यांनीं यावर सनदेचा उपाय योजला. धुराडीं झाडणाऱ्यांस 1875 च्या कायद्यानें पोलिसांकडून दाखला घेणें भाग पडलें. लहान मुलांस धुराड्यांत चढविण्याची क्रूर चाल मोडावी हा त्याचा हेतु, पण ओघानें धंद्यासहि सरकारी शिक्का मिळाला. जर्मनींत कांचा व इमारती साफ करणें ही 1934 सालीं रीतसर कारागिरी ठरली. तीन वर्षांची उमेदवारी, मग परीक्षा, आणि स्वतःचें दुकान थाटावयाचें तर उस्तादाची पदवी. ही शेवटची अट 2004 पर्यंत होती. स्कॉटलंडांत 1982 च्या कायद्यानें स्थानिक संस्थांस खिडक्या पुसणाऱ्यांकडून परवाना मागण्याचा अधिकार मिळाला. खुद्द इंग्लंडांत यांतलें कांहीं झालें नाहीं. 1947 सालीं या लोकांचा एक संघ निघाला, पण सभासद होणें न होणें ज्याच्या त्याच्या खुषीचें. सनदेनें मनुष्य प्रामाणिक होतो असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या विद्यापीठांच्या सनदांचा अनुभव आम्हांस आहे. पण अनोळखी दारीं उभें राहतांना खिशांत कागद असणें आणि नसणें यांत फरक पडतो.

हत्यारांत एकच मोठी सुधारणा झाली, आणि ती याच धंद्यांतील माणसानें केली. कॅलिफोर्नियांत ओकलंड येथें खिडक्या पुसणारा एटोरे स्टेकोने नांवाचा एक इटालियन होता. त्यानें 1936 सालीं हलक्या पितळी मुठीस रबराची एकच पट्टी बसवून पाणी ओढून घेणारा पुसणा तयार केला. पूर्वींचे पुसणे लोखंडी व जड असत. या पट्टीनें हात चपळ झाला; कट्टा मात्र अरुंद तो अरुंदच राहिला.

त्या कट्ट्याविषयींचा एक निवाडा 1953 च्या निवाडासंग्रहांत आहे. लंडनमधील एका क्लबाच्या खिडक्या पुसण्याचा मक्ता एका कंपनीनें घेतला होता. तिचा नोकर बाहेरच्या कट्ट्यावर उभा राहून, वरखालीं सरकणाऱ्या झडपेस बोटांनीं धरून काम करीत होता. झडप अकस्मात् खालीं आली, बोटें सांपडलीं, हात सुटला आणि तो खालीं पडला. अपील न्यायालयानें क्लबास मोकळें केलें. कंपनी मात्र लॉर्डांच्या सभागृहापर्यंत जाऊन हरली. झडप अडविण्यास लांकडी पाचर देणें आणि ती वापरण्याची शिस्त लावणें हें मालकाचें काम होतें, असें ठरलें. लॉर्ड ओक्सी यांनीं त्या वेळीं जें म्हटलें त्याचा मतलब असा : मालक शांत दिवाणखान्यांत, तज्ज्ञांच्या सल्ल्यानें, विचार करूं शकतो; कामगारास आपला निर्णय अरुंद कट्ट्यावर उभें राहून घ्यावा लागतो, आणि रोजच्या संवयीनें त्याची धोक्याची जाणीव बोथट झालेली असते. म्हणून त्याच्यासाठीं विचार मालकानें करावयाचा.

निवाडा न्यायाचा आहे यांत शंका नाहीं. पण जो कोणाचा नोकर नाहीं त्याचें काय? स्वतःच्या फेरीवर स्वतःच्या शिडीनें हिंडणाऱ्याचा दिवाणखाना तोच कट्टा. पाचरीचे दोन पैसे वांचविणारा तोच आणि पडणारा तोच. 1957 च्या कायद्यानें हें अधिकच पक्कें केलें : कसबी मनुष्य आपल्या धंद्यांतले नेहमींचे धोके ओळखून त्यांपासून स्वतःचें रक्षण करील असें घरमालकानें धरून चालावें. कसबी म्हणून जो मान त्यास हवा होता तो कायद्यानें दिला, आणि त्याच मानानें त्याचा दावा बुडविला. पुढें गिऱ्हाइकें विम्याचा कागद मागूं लागलीं आणि तो असणें हें भरंवशाचें लक्षण झालें. हा विमा बहुधा तिऱ्हाइताच्या नुकसानीचा असतो. बादली ज्याच्या डोक्यावर पडेल त्यास भरपाई मिळते, शिडीवरून पडणाऱ्यास नव्हे. 1847 च्या कलमांतील वाटसरू येथें पुन्हा भेटतो.

2005 सालीं ब्रिटनमध्यें उंचावरील कामाचे नवे नियम झाले, आणि ते स्वतंत्र धंदेवाल्यांसहि लागू केले. शिडी टाळतां येईल तेथें ती टाळावी असा त्यांचा आशय आहे. आतां पुष्कळजण जमिनीवरच उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशानें, क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यानें कांचा धुतात. असें पाणी वाळल्यावर डाग ठेवीत नाहीं, म्हणून पुसावेंच लागत नाहीं. पडण्याचें भय बरेंच गेलें, आंत डोकावण्याचा आळहि बराचसा गेला. पण एक नवीनच तक्रार उपस्थित झाली. शिडी नाहीं, फडकें नाहीं, तावदानाशीं माणसाचा चेहरा नाहीं. कांचा ओल्या दिसतात आणि गृहिणीस वाटतें, हा नुसतें पाणी उडवून गेला, किंवा आलाच नाहीं. म्हणून हल्लीं तो जातांना दाराच्या फटींतून एक छापील चिठी आंत सरकवितो : आज आपल्या खिडक्या पुसल्या आहेत.